व्हिक्टर मास्तरांचा सोमवारचा ताप

व्हिक्टर मास्तरांना सोमवारी ताप येतो, हे भाईंदरजवळच्या डोंगरीत त्यांच्या गल्लीला पाठ झालं होतं. रविवारी मास्तर कुठल्या तरी लग्नात बँडच्या पुढे उभे राहून कॉर्नेट वाजवणार आणि सोमवारी दुपारी चादर ओढून पडणार. ताप फार नाही, शंभराच्या आसपास. पण खोकला असा कोरडा आणि खणखणीत की अंगणातल्या कोंबड्या पांगायच्या. मंगळवारी ताप उतरायचा आणि बुधवारी मास्तर बाजारात, बोंबील ताजे आहेत का ते बोटाने दाबून बघत उभे. त्यामुळे या तापाची काळजी कुणी केली नाही. नुसती सवय झाली.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बँडचे. पोटासाठी त्यांनी एकतीस वर्षं भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंग केलं. डब्यात डबा, मधे कागद, वर दोरी. तिथे त्यांना ‘पॅकिंगवाला व्हिक्टर’ म्हणत. पण उत्तनपासून मोरव्यापर्यंत लग्नाघरी विचारा, ते इनास मास्तरांचे चिरंजीव. इनास हे वडील. गावचा बँड त्यांनी उभा केला आणि जाताना मुलाच्या हातात कॉर्नेट ठेवली. कॉर्नेट ही ट्रम्पेटची बुटकी बहीण. आवाज तिच्यापेक्षा मऊ, पण लग्नाच्या गलक्यातूनही वेगळा ओळखू येणारा.

कॉर्नेटबरोबर इनास मास्तरांनी दोन नियमही ठेवले होते. पहिला, वाजवताना श्वास घ्यायला ओठ वाद्यावरून उचलायचे नाहीत. ‘ओठ सुटला की सूर सुटला.’ श्वास ओठांच्या कडेतून, वाद्याला चिकटल्या चिकटल्याच आत ओढायचा. बाकीच्या बँडवाल्यांना हे जमत नसे, म्हणून मास्तरांना त्याचा फार अभिमान. दुसरा नियम, वाद्याच्या आत पाणी घालायचं नाही, आवाज बसतो. बाहेरून कॉर्नेट आरशासारखी असे. दर डिसेंबरात मास्तर ती मीरा रोडच्या हाटकेशला गुणवंतच्या गाळ्यात नेत. गुणवंत नळांना चकाकी देणारा माणूस. वर्षातून एकदा नळ बाजूला सारून तो कॉर्नेट घासून द्यायचा. आतून मात्र बोटांनी दाबायच्या पिस्टनवर सोडलेले खोबरेल तेलाचे चार थेंब वगळता इनास मास्तर गेल्यापासून, म्हणजे पस्तीस वर्षांत, तिने काही पाहिलं नव्हतं. गावात कुणी विचारलंच तर मास्तर हसत हसत सांगायचे की आत बापाचा श्वास हाय, तो कशाला धुऊन काढू. हसत सांगायचे, पण थोडं मनापासूनही.

समोरच्या ओटीवर नव्वदीच्या फिलूमावशी बसायच्या. डोळे गेलेले, कान शाबूत. कोणाची गाडी आली, कोणाची सून रागावली, सगळं त्या आवाजावरून सांगायच्या. मास्तर सरावाला बसले की त्या मान हलवून म्हणत, “वाजवतो बरा. पण इनासचा आवाज येगला होता.” मास्तर हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र सवय मोडायची वेळ आली. चर्चची चढण चढताना मास्तर मधेच थांबून समुद्र बघायला लागले. साठ वर्षांत त्यांनी समुद्राकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं, हे त्यांच्या बायकोच्या, कार्मिनच्या, लक्षात आलं. पोरगी ट्रिशा मीरा रोडला एका बँकेत नोकरीला. तिचं लग्न मे महिन्यात ठरलेलं. आणि या घरात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला जातात, तेव्हा पुढे बाप वाजवतो. मास्तरांच्या बहिणीच्या वेळी इनास मास्तरांनी वाजवलं होतं. घरापासून विहीर आणि विहिरीपासून घर, मधे एक चढण. मास्तरांच्या मनात दिवसरात्र ती चढणच होती. ट्रिशाच्या पाण्याला आपला दम पुरेल का, एवढा एकच प्रश्न. तो त्यांनी कोणाला सांगितला नाही आणि कार्मिनला तो सांगायची गरज नव्हती.

गुन्हेगार शोधायला सगळं गाव धावलं. कार्मिनने पहिला आरोप दारूवर ठेवला. लग्नाघरची पाहुणचाराची पितात, सोमवारी फळ भोगतात. मास्तरांनी नाताळच्या आधी नवस करून दारू सोडली. सोमवारचा ताप त्यानंतरही येत राहिला, फक्त आता तो कोरडा असे. पुतण्या इव्हान, बँडमधला दुसरा वाजवणारा, म्हणाला की कारखान्याची धूळ. शेजारीण म्हणाली, नजर. भाईंदरच्या एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. दुसऱ्यांनी छातीचा फोटो काढून, जुना टीबी तर नाही ना, असं विचारत महिनाभर तपासण्या करवल्या. टीबी नव्हता. तो नाही म्हणून कळल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं, एका मास्तरांना सोडून. त्यांना चढण अजून तशीच लागत होती.

शेवटी ट्रिशाने रजा टाकली आणि बापाला मीरा रोडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टरकडे नेलं. कार्मिन बरोबर होतीच. डॉक्टर मृणालिनी वयाने ट्रिशापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. कारण सापडत नाही अशा फुप्फुसाच्या आजारांवर त्यांचं संशोधन चाललं होतं, आणि त्यासाठी त्यांच्याकडे बेचाळीस प्रश्नांचा एक फॉर्म होता. घरात कबुतरं आहेत का? पिसांची उशी? कूलर? ओल धरलेली भिंत? लाकडाचा भुसा? मास्तर एकामागून एक न्हाय, न्हाय म्हणत गेले. छंद काय, यावर ते म्हणाले, मासे खाणे. बँडचं काही विचारलंच नव्हतं, आणि विचारलं नाही ते सांगायची मास्तरांना सवय नव्हती. फॉर्ममध्ये सगळं आत ओढण्याबद्दल होतं. त्यांचं काम तर बाहेर फुंकण्याचं.

मग फुंकण्याची परीक्षा झाली. यंत्रापाशी साईराज नावाचा तंत्रज्ञ होता. पूर्ण श्वास घ्या आणि एकदम जोरात सगळा सोडा, असं त्याने मराठीत सांगितलं, मग मास्तर नुसतेच बघत राहिले म्हणून हिंदीत सांगितलं. मास्तरांना सांगणं कळलं होतं, पटलं नव्हतं. श्वास असा उधळायचा? त्यांनी नेहमीप्रमाणे तो जपून, एका रेषेत, लांबवर सोडला आणि कौतुकाच्या अपेक्षेने वर पाहिलं.

“अंकल, शहनाई नहीं बजानी है,” साईराज म्हणाला. “फेक दो पूरा.”

पाचव्या खेपेला त्यांनी एकदाचा श्वास फेकून दिला, आणि तो किती थोडा आहे ते पडद्यावर दिसलं. स्कॅनमध्येही काचेवर वाफ धरावी तसे धूसर डाग होते. डॉक्टरांनी ते दाखवून सांगितलं की हा दमा नव्हे. फुप्फुस कशावर तरी चिडलंय. श्वासातून काहीतरी आत जातंय आणि छाती त्याच्याशी भांडतेय. हे भांडण फार वर्षं चाललं तर फुप्फुस कडक होतं, मग ते काही परत मऊ होत नाही. अजून तिथवर गेलेलं नाही. पण काय आत जातंय ते सापडलं पाहिजे, नाहीतर नुसती औषधं देऊन उपयोग नाही.

घरी आल्यावर कार्मिनने स्वयंपाकघरातलं चर्चचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, कपाटाच्या वरून गेल्या दोन वर्षांचीही काढली. या कॅलेंडरांवर ती पेन्सिलने दोनच गोष्टी लिहायची. गॅसचा सिलिंडर कधी लावला आणि मास्तरांना ताप कधी आला, कारण त्या दिवशी घरात पेज करावी लागे. तापाला एक छोटी फुली. चष्मा लावून ती फुल्यांवरून बोट फिरवत बसली. पुढच्या भेटीला तिन्ही कॅलेंडरं पिशवीत घालूनच ती बसमध्ये चढली. रिक्षात नीट उलगडता आली नसती, असं तिचं म्हणणं.

डॉक्टरांच्या टेबलावर तिने ती पसरली. बघा म्हणाली, सोमवारी फुल्या हायत. पण ईस्टरच्या आधीच्या, उपासाच्या चाळीस दिवसांत एकबी न्हाय. मागली दोन्ही वरसं. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांतबी न्हाय. तिला आधी वाटलं होतं की देवाची कृपा, उपासाचं फळ. पण यंदा नवसाची दारू सुटली तरी जानेवारीत फुल्या होत्याच, म्हणजे कृपेचा हिशेब जुळेना.

डॉक्टर मृणालिनी खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांनी विचारलं की उपासाच्या दिवसांत तुम्ही आणखी काय काय करत नाही.

“मटण खात न्हाय,” कार्मिन म्हणाली. “लग्नं लावत न्हाय.”

“लग्नं नसली की?”

“लग्नं न्हाय तर बँड न्हाय. कॉर्नेट पेटीत जाते. वर जांभळा कपडा टाकतात, चर्चमध्ये मूर्तींवर टाकतात तसा.”

डॉक्टरांनी फॉर्म उलटून पाहिला, मग मास्तरांकडे. साईराज काहीतरी शहनाईचं सांगून हसत होता ते त्यांना आता आठवलं. वाद्य वाजवता हे सांगितलं का नाहीत, असं त्यांनी विचारलं.

मास्तर जरा दुखावूनच म्हणाले, “आम्ही फुंकतो, बाय. ओढत न्हाय.”

“आणि दोन सुरांच्या मधे?”

आता अभिमानाची जागा आली. मास्तरांनी हातानेच कॉर्नेट धरली आणि वडिलांची रीत करून दाखवली. ओठ जागचे हलले नाहीत, आणि श्वास सर्रकन आत गेला. डॉक्टरांनी ते पुन्हा एकदा करायला लावलं. कार्मिनने कपाळावर हात मारला. तिला डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

पुढचं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. बाहेरच्या देशांत असे मोजके रुग्ण नोंदले गेलेत, कुणी ट्रॉम्बोन वाजवणारा, कुणी बॅगपाइप वाजवणारा. वाद्याच्या आत ओल राहते, थुंकी राहते, तिच्यात बुरशी धरते. वाजवणारा श्वास घेतो तेव्हा ती कणाकणाने छातीत उतरते. त्यांनी हे वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. पुढच्या वेळी कॉर्नेट घेऊन या म्हणाल्या.

त्या भेटीला कॉर्नेटची तपासणी मास्तरांपेक्षा जास्त झाली. काडीला कापूस लावून साईराजने आतून पुसून घेतलं. कापूस हिरवट काळा होऊन बाहेर आला. मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. आठ-दहा दिवसांनी अहवाल आला. आत दोन जातींची बुरशी नांदत होती, आणि त्यातल्या एकीशी मास्तरांचं रक्त आधीच ओळख ठेवून होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि अट घातली. उपास सुरू झालाच आहे, तेव्हा ईस्टरपर्यंत वाजवायचं नाही. त्यानंतर वाजवायचं असेल तर वाद्य आतून धुवायचं, उघडून, साबणाने, तळापर्यंत. पुन्हा कापूस फिरवून स्वच्छ निघाला तरच तोंडाला लावायचं. आणि श्वास घेताना ओठ उचलायचे.

म्हणजे इनास मास्तरांचे दोन्ही नियम एका चिठ्ठीवर बाद.

इव्हानने मोठ्या मनाने आपली नवी कॉर्नेट देऊ केली. दुसऱ्याची कॉर्नेट म्हणजे दुसऱ्याची कवळी, असं म्हणून मास्तरांनी त्याला वाटेला लावलं. बरं, वाजवलंच नाही तर? ट्रिशा म्हणाली, “पप्पा, तू नुसता माझ्यासोबत चाल. वाजवतील दुसरे.” तिने हे प्रेमानेच म्हटलं, आणि मास्तरांना ते सगळ्यांत जास्त लागलं. रोज संध्याकाळी ते जांभळा कपडा उचलून पेटी उघडायचे, बघायचे आणि बंद करायचे. धुतली तर बाप जातो, न धुतली तर पोरीचं पाणी जातं. दरम्यान गोळ्यांनी आणि विश्रांतीने खोकला सरला. होळीच्या सुमारास ते चढण न थांबता चढले, आणि वर गेल्यावर समुद्र बघायचा राहिला म्हणून परत वळून पाहिलं.

पेच सुटला तो चर्चमध्ये नव्हे, अंगणातल्या मोरीत. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात घराघरांत साफसफाई चालते. कार्मिनने माळ्यावरची पितळेची मोठी हंडी उतरवली, सासूची. चिंचेने घासली, आत हात घालून बूड खरवडलं, धुतली, उन्हात पालथी घातली. मास्तर ओटीवर बसून बघत होते.

“आईची हंडी ना ती?” ते म्हणाले.

“हां.”

“दर वरसाला घासतेस?”

“घासू नको तर काय? सासू आत बसलीय काय माझी?” कार्मिन हात पुसत म्हणाली. “तिचा हात रांधण्यात होता. तो मना शिकवून गेली.”

मास्तर उठून आत गेले आणि पेटी घेऊन बाहेर आले.

पण पस्तीस वर्षांचं ठाण सहज सुटत नाही. कॉर्नेटची मागची वळणाची नळी, जी ओढून बाहेर काढायची असते, ती जागेवर अशी बसलेली की जणू एकसंधच ओतलीय. दुसऱ्या दिवशी मास्तर ती घेऊन हाटकेशला गुणवंतकडे. त्याने नळीला बाहेरून गरम केलं, कापडाचा फास घातला आणि हलक्या हाताने ओढलं. नळी सुटली आणि गाळ्यात असा वास पसरला की गुणवंतने पंखा लावला. दर वर्षी मी बाहेरून चमकवत होतो आणि आत ही वसाहत, असं तो हिंदीत म्हणाला, आणि मास्तरांनी मान खाली घातली.

शनिवारी सकाळी अंगणात मोठं घमेलं मांडलं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, बाटली घासायचा लांब ब्रश. पिस्टन, नळ्या, टोप्या सगळं सुटं करून मास्तरांनी जुन्या टॉवेलवर ओळीने ठेवलं. घासायचं मात्र त्यांच्याने होईना. ब्रश कार्मिनने घेतला. पहिल्या धक्क्यालाच आतून शेवाळासारखा लगदा घमेल्यात पडला.

कार्मिनने तो न्याहाळून पाहिला. “हा तुमच्या बापाचा श्वास?” ती म्हणाली. “मग सासरेबुवांनी दात कधी घासले न्हवते.”

मास्तर हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि खोकला मात्र आला नाही. मग त्यांनी तिच्या हातातून ब्रश घेतला. चार घमेली पाणी बदललं. पाचव्याचं पाणी तळ दिसेल असं राहिलं.

ईस्टर झाल्यावर कापूस पुन्हा फिरला, पांढरा आत गेला आणि पांढराच बाहेर आला. फुंकण्याच्या यंत्रावर मास्तरांनी श्वास पहिल्या खेपेलाच फेकला. साईराजने खुशीत अंगठा वर केला. आकडे अजून तरुणासारखे नव्हते, पण फेब्रुवारीपेक्षा बरेच वर होते. डॉक्टर मृणालिनींनी परवानगी दिली, पण मोजून. रोज अर्धा तास, वाजवून झालं की नळ्या काढून वाळवायच्या, आठवड्याला धुवायच्या, दर तीन महिन्यांनी भेटायचं. आणि निघताना त्यांनी मास्तरांसमोरच आपल्या फॉर्मवर खाली पेनाने त्रेचाळिसावा प्रश्न लिहिला: फुंकून वाजवायचं वाद्य वाजवता का, ते शेवटचं कधी धुतलं? कार्मिनने तो वाचून घेतला. शिट्टीपण लिवा म्हणाली, आमच्याकडं उत्सवात कार्यकर्ते लई शिट्ट्या फुंकतात.

त्या संध्याकाळी मास्तर ओटीवर बसले. कॉर्नेट ओठांना लावली, पहिला सूर काढला आणि लगेच खाली ठेवली. आवाज वेगळा होता. उघडा, टोकदार, कुणा परक्याचा. त्यांचा चेहरा पडला. हेच होणार हे बाप सांगून गेला होता. आत जायला ते उठणार तेवढ्यात समोरच्या ओटीवरून फिलूमावशी ओरडल्या.

“कोण रं तो? इनास आला काय?”

मास्तर जागच्या जागी थांबले. कार्मिन दारात आली होती, तिच्या हातात कालथा. इनास मास्तरांनी कॉर्नेट घेतली तेव्हा ती कोरी होती, आणि फिलूमावशींचे कान तेव्हापासूनचे होते.

“न्हाय, मावशी,” मास्तरांनी गळा साफ करून सांगितलं, “मी व्हिक्टर.”

“मग असा वाजव की,” मावशी म्हणाल्या. “इतकी वरसं काय बोळा घालून वाजवत होतास?”

मे महिन्यात ट्रिशाचं उंबराचं पाणी निघालं. पुढे मास्तर, मागे बँड, त्यामागे डोक्यावर कळशा घेतलेल्या बायका, लाल लुगड्यांची ओळच्या ओळ. दर चार सुरांनी मास्तर ओठ उचलायचे, श्वास मोकळ्या हवेतून घ्यायचे आणि पुन्हा लावायचे. सूर मधे सुटत होता, इव्हानच्या ते लक्षात आलं आणि त्याने मागून आपला सूर धरून ती फट भरली. कोणाला कळलंही नाही. चढणीच्या पायथ्याशी मास्तरांनी ठरल्याप्रमाणे कॉर्नेट काखेत घेतली, चढण नुसती चालले आणि वर पोहोचल्यावर पुन्हा लावली. घराच्या दारात शेवटचा सूर त्यांनी जपून, एका रेषेत, लांबवर सोडला. तेवढा एक हट्ट राहू दे, असं ते आधीच कार्मिनला सांगून गेले होते. ट्रिशा रडली, पण मेकअप करणाऱ्या बाईने आधीच तंबी दिल्यामुळे बेताने रडली.

लग्न रविवारी झालं. सोमवारी दुपारी पाहुणे पांगले, मांडवाची दोरी सुटत होती. कार्मिनने स्वयंपाकघरात जाऊन खिळ्यावरची पेन्सिल उचलली आणि कॅलेंडरसमोर उभी राहिली. अंगणातून नळाचा आवाज येत होता. मास्तर नळ्या धूत होते आणि गुणवंतने दिलेल्या नव्या ब्रशची इव्हानला तारीफ सांगत होते. तिने थोडा वेळ वाट पाहिली. खोकला आला नाही. तेव्हा तिने सोमवारच्या चौकटीत ‘सिलिंडर लावला’ एवढं लिहिलं आणि पेन्सिल परत खिळ्याला अडकवली.